घेराची दुमड

माझे सासरे शिंपी. आमच्या यांनी वडिलांशी बोलणंच टाकलं होतं, त्यामुळे सासऱ्यांनी नातीला कधी पाहिलंही नव्हतं. ते गेल्यावर त्यांच्या शेजारणीने एक फ्रॉक आणून दिला. "नातीसाठी आहे. जन्मभराची शिल्लक घेराच्या दुमडीत शिवलीय त्यांनी."

न बघितलेल्या अंगाचा फ्रॉक, पण लेकीला अगदी मापात बसला.

दुसऱ्याच दिवशी यांनी कात्री घेतली. "एवढ्याशा पोरीला काय करायचेत पैसे?" म्हणत दुमड उसवली आणि नोटा शर्टाच्या खिशात कोंबल्या. मी भाजी निवडत राहिले. पाहून न पाहिल्यासारखं करणं मला छान जमतं.

संध्याकाळी लेक तोच फ्रॉक घालून आली. दुमड पुन्हा शिवलेली होती, बारीक, एकसारख्या टाक्यांनी. ती चालली की आत नोटा कुरकुरायच्या.

यांचा हात खिशाकडे गेला. खिशाचं तोंडही शिवलेलं होतं.

"बाबा, हात वर करा," लेक म्हणाली. "आजोबांना माप घ्यायचंय."

यांनी मान खाली घातली आणि हात वर केले. शर्ट छातीभोवती हळूहळू आवळत गेला.

"झालं," लेक म्हणाली. "आई, आता तू."