पहिल्या मुलाचं फूल

"बोटं पसर. हलवू नकोस," जिपारा म्हणाली आणि बेकतूरचा हात तिनं गुलाबी कागदावर दाबून धरला. पेन्सिल एकेका बोटाभोवती सावकाश फिरली. बाकीच्या मुलांचे हात तिनं चुटकीसरशी आखून टाकले होते. या एका हाताची मात्र तिला घाई नव्हती.

जिपारा नारीन गावच्या बालवाडीत शिकवायची. तिथं आठ मार्चच्या महिला दिनाची तयारी चालली होती. हात आखायचा, कापायचा, कागदी बोटं पेन्सिलीवर गुंडाळून वळवायची, तळव्याची सुरळी करून हिरव्या काडीला चिकटवायची, की झालं लिलीचं फूल. चार वर्षांच्या पोरांना याहून सोपं काय देणार! फूल आपाला द्यायचं. आपा म्हणजे आई.

बेकतूर जिपाराच्याच पोटचा. पण सुनेचं पहिलं मूल सासूसासऱ्यांचं, ही इकडची रीत. बाळ चाळीस दिवसांचं झालं तसं सासूनं, बातमानं, त्याला आपल्या रजईत घेतलं. तेव्हापासून तो तिचा मुलगा. बाप त्याचा थोरला भाऊ झाला आणि जन्म देणारी झाली वहिनी. जिपाराला कुणी छळलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं, आणि तेच तिला आतून खात होतं. भरल्या घरात ती एकटी पडली होती.

आता तिच्या नवऱ्याला, तलांतला, राजधानीत, बिश्केकमध्ये नोकरी लागली होती. पुढच्या आठवड्यात बिऱ्हाड हलणार होतं. मुलाला घेऊनच जाऊ, म्हणून तिनं नवऱ्याचं डोकं खाल्लं. तो एवढंच म्हणाला, "त्याला आधी तुला आपा म्हणू दे. मग मी घरात विषय काढतो."

"हे फूल कुणाला देणार?" तिनं हळूच विचारलं.

"आपाला."

"मीच तुझी आपा आहे, सोन्या. मला दे."

बेकतूर खो खो हसत सुटला. "ए, बघा रे, वहिनी मला फसवतेय! तू तर आमच्या घरची सून आहेस!"

सगळी पोरं हसली. जिपाराही हसली. पोरांसमोर रडायची सोय नव्हती.

संध्याकाळी बातमा त्याला न्यायला आली. बुटांवरचा बर्फ तिनं उंबऱ्याशी झटकला. फूल उंच धरून बेकतूर तिच्याकडे धावला आणि जिपारानं मध्येच त्याचं मनगट पकडलं. असं काही आपण करू, हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"हा माझा आहे," ती म्हणाली. "मी याला बिश्केकला नेणार."

आता सासू घर डोक्यावर घेणार, अशी तिची खात्री होती. पण बातमा मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली. गुडघे पार छातीशी आले. तिची नजर बेकतूरच्या हातातल्या फुलावर गेली.

"ने," ती म्हणाली. "तुझाच आहे. फक्त हे फूल तेवढं मला घेऊ दे."

"फुलाचं काय एवढं?"

"तलांतही पहिलाच होता, पोरी. माझ्या सासूनं नेला. पुढं मला दुसरं मूल झालं नाही. लहानपणी तलांतनं असंच फूल केलं होतं, ते माझ्यासमोरून नेऊन त्यानं तिच्या हातात दिलं." म्हातारीनं रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. "अजूनही तो मला वहिनीच म्हणतो. रोज तर ऐकतेस."

जिपारानं बेकतूरचं मनगट सोडलं.