पट्ट्यावर झेंडू

"लाइव्ह दाखवा ना," तिसऱ्या रांगेतला माणूस म्हणाला, आणि सोनिकाचं बोट व्हिडिओच्या बटणावर तसंच अडकलं.

सदरमधल्या हॉटेलचा हॉल गच्च भरलेला. सकाळपासून जो तो आपल्या मशीनचा घरून तयार करून आणलेला व्हिडिओच दाखवून राहिला होता, आणि हे केयूर शहा प्रत्येकाला हेच म्हणत होते. प्रत्येकाने नेटचं कारण सांगून वेळ मारून नेली होती. सोनिकालाही तेच करायचं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा अशी स्टेजवर उभी राहिलेली, समोर एवढी डोकी. तोंडातून निघून गेलं, "दाखवते."

पहिल्या रांगेत तिचे बॉस धर्मेंद्र सर मान हलवत होते. नको, नको. कालच ते म्हणाले होते, "नाशिकची द्राक्षं परदेशात पाठवतात ना, ते शहा येऊन राहिले. ते गिऱ्हाईक पाहिजे मले. नाही मिळालं तर तुझा हा संत्र्याचा प्रोजेक्ट उद्यापासून बंद. समजली? अन् फालतू हिरोगिरी नको करू."

पडद्यावर कळमेश्वरच्या शेडमधला, संत्री निवडणाऱ्या मशीनचा सरकता पट्टा आला. संत्री एकामागे एक कॅमेऱ्याखाली येत होती. चांगल्या संत्र्याभोवती हिरवी चौकट उमटायची, 'उत्तम'. नासक्याभोवती लाल, की लगेच एक दांडा पुढे येऊन त्याला बाजूला लोटायचा. हिरवी, हिरवी, लाल, हिरवी. लोक माना उंचावून पाहायला लागले.

तेवढ्यात पट्ट्यावर झेंडूचं फूल आलं.

हिरवी चौकट. 'उत्तम'.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. दुसरं फूल आलं. 'उत्तम'. मग पाकळ्यांचा अर्धा गुच्छच आला, त्यालाही हिरवी चौकट, आणि अख्खा हॉल हसला.

"झेंडूची निर्यात पण करता का तुम्ही?" शहांनी विचारलं. ते मात्र हसत नव्हते.

काय झालं ते सोनिकाला कळलं होतं. शेडमध्ये पट्टा सांभाळणाऱ्या कामिनीताईंना तिनेच काल हौसेने सांगितलं होतं, उद्या आपली मशीन मोठे लोक पाहणार. एवढं ऐकल्यावर ताई मशीनला तशीच ठेवतील होय? आणि सोनिकाने मशीनला गाडीभर संत्री दाखवून शिकवलं होतं, ताजी, नासकी, डागाची, हिरवी. दुसरं काही कधी दाखवलंच नव्हतं. पट्ट्यावर संत्र्याशिवाय काही येऊ शकतं, हे त्या मशीनला माहीतच नव्हतं.

तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकून माइकपाशी धरला.

"कामिनीताई, मशीनला हार घातला का तुम्ही? त्याची फुलं पट्ट्यावर गळून राहिली."

"हो वं. मंग काय तशीच उघडीबोडकी दाखवतं का कोणी? त्या कॅमेऱ्याच्या दांडीले चांगला जाडा हार बांधला. कुंकूबी लावलं." हॉलमध्ये पुन्हा हसू फुटलं. "कोण हासून राहिलं वं?"

"कोणी नाही, ताई."

"काढायला सांगा तो हार," शहा घड्याळ पाहत म्हणाले. "पुढे जाऊ."

धर्मेंद्र सरांनी जोरजोरात मान डोलावली. एका वाक्याचं काम होतं. हार निघाला असता, संत्री सुरळीत गेली असती, टाळ्या पडल्या असत्या.

"नको," सोनिका म्हणाली. फोन तोंडाशी धरून परत म्हणाली, "नको. हार राहू द्या, ताई." मग हॉलकडे वळली. "फूल मशीनला मी कधी दाखवलंच नव्हतं. चूक माझी आहे. आता दाखवते."

धर्मेंद्र सरांनी कपाळाला हात लावला.

तिने मघाच्या फुलांचे फोटो पडद्यावर ओढले. एकेकावर खूण केली. संत्रं नाही. संत्रं नाही. घाईत माउसचा बाण दोनदा भलतीकडेच गेला. मग तिने मशीनला नव्याने शिकवायचं बटण दाबलं आणि पडद्यावर एक निळी पट्टी सरकायला लागली. गोगलगायीसारखी. कोणी खोकलं. मागचे दोघे उठून चहाला गेले. फोनमधून पट्ट्याची खडखड ऐकू येत होती.

पट्टी भरली.

"ताई, हारातलं एक फूल तोडा अन् पट्ट्यावर टाका."

"पूजेतलं?"

"हो."

"काहून वं? देवाले काय सांगू मी?"

"माझं नाव सांगा."

पडद्यावर बांगड्यांचा एक हात आला, संत्र्यांच्या मधोमध फूल ठेवून गेला. संत्रं, हिरवी चौकट. संत्रं, हिरवी चौकट. फूल कॅमेऱ्याखाली आलं. सोनिकाने टेबलाची कड घट्ट धरली. फूल सरकत सरकत, तसंच, बिनचौकटीचं, उघडंच, पडद्याच्या दुसऱ्या टोकाला पोचलं. त्याच्यामागच्या संत्र्याला हिरवी चौकट आली. त्याच्यामागचं नासकं होतं, त्याला लाल.

शहा खुर्चीच्या अगदी कडेला येऊन बसले होते.

"सोनिका," फोनमधून कामिनीताईंचा आवाज आला, घाबरलेला. "काहीच नाही झालं का वं?"

"नाही, ताई," सोनिका म्हणाली, आणि आता तीच हसली. "काहीच नाही झालं."