वेसाव्याची मावशी

मुलाखतीचा मेल आल्यापासून हर्षालीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मत्स्यविज्ञानाची शिष्यवृत्ती होती, तीही अंधेरीत, घराजवळच. मैत्रीण श्वेता म्हणाली, "आधी तुझं इन्स्टा साफ कर गं. हल्ली ते लोक सगळं बघून ठेवतात. मासळीबाजार दिसला ना, तर वाट लागली समज." हर्षालीने वेसाव्याच्या बाजारात मासळी-खेकडे विकणाऱ्या कोळीण मावशीच्या सगळ्या रील्स उडवल्या. उरले ते पांढऱ्या कोटातले, प्रयोगशाळेतले फोटो.

मुलाखतीला आत गेल्या गेल्या मॅडमनी विचारलं, "त्या कोळीण मावशीच्या रील्स कुठे गेल्या?"

"काढल्या मॅडम. बरं दिसत नव्हतं."

"अगं, त्या बघूनच तर तुला बोलावलं. पोटाखाली अंडी असलेली चिंबोरी गिऱ्हाइकाला न देता परत खाडीत सोडते ती. का सोडते, हे तिने जसं सांगितलं, तसं आम्हाला वर्गात सांगता येत नाही. महिन्यातून एकदा आमच्या मुलांना शिकवायला येईल का ती? तुझी ओळख असेलच."

हर्षाली ताडकन उठली, दारापर्यंत पोचलीसुद्धा.

"अगं, कुठे निघालीस?"

"तिला आणायला. गेटबाहेर उभी आहे मॅडम. मीच म्हटलं होतं, आत येऊ नको." तिचा चेहरा फुलला होता. "आई आहे माझी."