काळी तीन

“टेपच हळू चालत असणार,” पेटीवर सूर ताडून पाहत रमाकांतराव म्हणाले. “तीस वर्षं साथ केलीय मी. तुझ्या आईची पट्टी काळी चार. इथे आवाज काळी तीनला आहे, खाली.”

नलूला जाऊन महिना झाला होता. गणपतीत घरीच, एकटीनं तंबोरा लावून तिनं ही कॅसेट भरली होती. लेकीनं ती आता कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती. तिनं वेग थोडा थोडा वाढवत नेला. सूर काळी चारला येऊन मिळाला. रावांनी मान डोलावली आणि मग एकदम कान टवकारले.

“मागे आपलं भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतंय. मिनिटभर टिकटिक मोज.”

सदुसष्ट भरली.

“आता वेग आधी होता तिथे ने.”

बरोबर साठ.

टेप पहिल्यापासून ठीकच होती. नलूनंच पट्टी उतरवली होती, आणि तरीही ओळ संपायच्या आत तिचा श्वास तुटत होता. डॉक्टरांना तिचं दुखणं दिवाळीनंतर कळलं.

“बाबा, आई तुम्हाला काहीच बोलली नव्हती?”

“म्हणाली होती, अहो, जरा साथीला बसा. मी म्हटलं, दौऱ्यावरून आल्यावर बसू.”

गाणं चालूच होतं. रावांनी पेटी जवळ ओढली, काळी तीनवर बोट ठेवलं. भाता मात्र हलवायचा राहूनच गेला.