साफ केलेलं गाणं

आईचं शेवटचं गाणं लेकीने स्वतःच्या हाताने साफ केलं. ध्वनिमुद्रण हाच तिचा व्यवसाय होता. पंख्याची घरघर काढली, खोकला काढला, दोन ओळींमधले धापेचे श्वासही एकेक करून कापले आणि मूळ फाइल पुसून टाकली. आजारी आई कोणाला ऐकू येऊ नये, एवढंच तिच्या मनात होतं.

बाबांनी डोळे मिटून ऐकलं. "सूर अगदी चोख आहेत गं. पण ही यात नाही."

"बाबा, आवाज आईचाच आहे."

"आत्मा वगैरे काही नसतं, असं मी जन्मभर वर्गात ठणकावून सांगितलं. मग यातून गेलं काय, ते तूच सांग."

काय गेलं ते तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत माइकसमोर एकटीच बसली, आईसारखे श्वास घेतले आणि गाण्यातल्या रिकाम्या जागी बसवले. घरी येऊन "जुनी प्रत सापडली" म्हणाली आणि गाणं लावलं.

गाणं संपेपर्यंत बाबांची बोटं मांडीवर ताल धरून होती. "आता आली," ते म्हणाले.

तिला हायसं वाटलं, आणि मेल्याहून मेल्यासारखंही. ती उठून जाऊ लागली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला.

"श्वास छान घेतलेस, बाळा. फक्त, गाताना ती कधी रडायची नाही."