वर्षानंतरचा फोटो

पायाच्या शस्त्रक्रियेतलं बोर्डाचं प्रमाणपत्र हवं, तर केलेल्या ऑपरेशनांच्या फायली परीक्षकांना दाखवाव्या लागतात. डॉक्टर लॉर्ना प्रुइटकडून त्यांनी नेमकी वेंडेल स्टिल्टनरची फाइल मागितली. केंटकीच्या कोळसाखाणीत जन्म घालवलेला हा म्हातारा. शुगरनं चिघळलेला त्याचा उजवा पाय कापायला तीन डॉक्टरांनी सांगितलं होतं; लॉर्नानं तो वाचवला होता. आता फाइलीत फक्त वर्षानंतरचा एक्स-रे लावायचा राहिला होता. त्यासाठी तिनं वेंडेलला आज बोलावलं होतं.

आली त्याची बायको ओपल. एकटीच.

"गेले हो ते, गुरुवारी. झोपेतच."

लॉर्ना खुर्चीत बसली.

"मग तुमच्या त्या परीक्षेचं कसं?" ओपलनंच विचारलं.

"ते राहू द्या, मावशी. केस अपूर्ण धरतील, एवढंच."

"अपूर्ण कशी?" ओपलनं पर्समधून फोटो काढला. इथं सगळेच काढून ठेवतात तसा, शवपेटीतल्या माणसाचा. "हा चालतो का बघा. पेटीवाला म्हणत होता, पायांवरचं अर्धं झाकण बंदच ठेवतो, बूट कशाला हवेत? मी म्हटलं, दोन्ही बूट घाल आणि झाकण पुरतं उघड. पाय कधी कापणार म्हणून विचारत होतं ना सगळं गाव? आता येऊन बघू दे."