डिकीतलं कूलंट

"पंप तं चालू हाये," आसिम म्हणाला, "पन कूलंट फिरून नाही राह्यलं."

मोताळ्याच्या त्याच्या गॅरेजात निवेदिताची इलेक्ट्रिक कार ढकलत आणली होती. बॅटरी तापल्याचा लाल दिवा लागला आणि गाडी रोहिणखेडच्या रस्त्यावर जागीच बसली. आसिमने लॅपटॉप जोडून पाहिला, मग बॅटरी थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या दोन्ही नळ्या चाचपल्या. एक चटका देत होती, दुसरी थंडगार. निवेदिताचे वडील, भालचंद्र शेठ, बाकड्यावरून सगळं पाहत होते. पण नुसतं पाहणं चालू होतं, आत काही पोचत नव्हतं.

दोन महिने हे असंच चाललं होतं. शेठच्या कृषी केंद्रातून, त्यांच्या शब्दावर, लोकांनी बीटी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं नेली आणि बोंडाबोंडात गुलाबी अळी निघाली. आधी लोक दुकानात येऊन भांडले. मग भांडायचेही थांबले, मान खाली घालून पुढून जाऊ लागले. आसिमच्या बापानेही तीन पाकिटं नेली होती. शेठना आता लाजही वाटत नव्हती आणि भूकही लागत नव्हती. सोमवारी त्यांनी दुकानातली फवारणीच्या औषधाची एक बाटली घेतली, लेबल खरवडलं. घरात बायकोच्या हाती लागली असती, म्हणून मुलीच्या गाडीच्या डिकीत, स्टेपनीखाली दडवली. तरी निवेदिताने ती पाहिलीच.

"हे काय हाये, बाबा?"

"कूलंट," ते म्हणाले होते.

गाडी निवल्यावर आसिमने कूलंटच्या टाकीचं झाकण उघडलं. भसकन फेस वर आला. खाली पांढरं, दुधासारखं पाणी. उग्र वास गॅरेजभर पसरला. कपाशीच्या मुलखात हा वास कोणाला सांगावा लागत नाही.

"ताई, याच्यात काय टाकलं?"

"सकाळी कूलंटचा दिवा लागला होता. बाबांनी आणलेलं डिकीत होतं, तेच ओतलं."

आसिमने शेठकडे पाहिलं. आता हा पोरीसमोर औषधाचं नाव घेणार, हे शेठना कळत होतं. त्याचीही भीती वाटेना.

"भलतंच कूलंट हाये, ताई," आसिम शेवटी म्हणाला. "फेस होते याचा, अन् फेस पंपाले ढकलता येत नाही. सारं काढून धुऊन टाकतो. शेठ, असं पुन्हा आनू नका."

तो हातमोजे आणायला आत गेला. निवेदिता बापाशेजारी येऊन बसली.

"दिवा लागला नव्हता, बाबा."

"मंग काऊन ओतलं?"

"वास मले सोमवारीच आला होता. पन तुम्ही कूलंट म्हणाले. तुम्हाले तोंडावर खोटं कसं पाडू?" तिने बापाचा हात धरला. "म्हटलं, गाडीच बिघडन नं? गाडी काय, आसिमभाऊ नीट करून देतीन."